तोंडचं पाणी

मार्तंडराव सेलूकर अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, तेव्हा कचेरीनं त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. निवृत्त माणसाला घड्याळ देण्याची ही रीत कुणी काढली कोण जाणे. ज्याला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही, त्याच्या डोक्यावर टिकटिक कशाला? पण मार्तंडरावांनी ते स्वयंपाकघराच्या दारावर टांगलं आणि रोज सकाळी रेडिओशी ताडून बघू लागले.

परभणीच्या कचेरीत त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. माणूस सरळ, हात स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. एकच खोड होती. कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच ते करत. एका साहेबांनी एकदा अर्जावर शेरा मारला, ‘ताबडतोब बघावे.’ मार्तंडरावांनी अर्ज ताबडतोब बघितला आणि जिथला तिथं ठेवून दिला. महिन्यानं साहेब तापले, तर हे शांतपणे म्हणाले, “साहेब, बघा म्हणाला होतात. करा असं कुठं लिहिलंय?” साहेबांनी शेरा पुन्हा वाचला आणि पाणी मागवलं.

त्यांच्या पत्नी सुमंगलाबाई हे सगळं चौतीस वर्षं ओळखून होत्या. म्हणूनच दिवाळीनंतर गुडघ्याच्या ऑपरेशनला निघताना त्यांनी रिक्षात बसल्या बसल्या पक्का हुकूम सोडला.

“अहो, माझ्या झाडांकडं बघा. नुसतं बघू नका, करा. आपल्या तोंडचं पाणी काढून द्या त्यांना, पण एक दिवस चुकवू नका.”

“तोंडचं पाणी,” मार्तंडराव पुटपुटले आणि मनात टिपून घेतलं.

गच्चीवरची बाग सुमंगलाबाईंची. मोगरा, कढीपत्ता, अळू, वांगी. पण ज्यांच्यासाठी त्यांचा जीव खालीवर व्हायचा ती होती टमाट्याची चार रोपं. सोनपेठला त्यांच्या आईच्या परसात हे टमाटे होत. बसकट, अंगावर भोपळ्यासारख्या रेघा, आणि आंबट असे की दात शिरशिरावेत. आई गेली. भावानं परस मोडून तिथं मोटारसायकलींचं दुकान काढलं. ते बी आता जगात कुठंच नव्हतं, एका घडी घातलेल्या कागदात तेवढं उरलं होतं. कागदावर आईच्या वाकड्या अक्षरात ‘सुमीसाठी’ लिहिलेलं. मागच्या वर्षी आलेली सगळी फळं वानरांनी खाल्ली. यंदा कागद झटकून पाहिला तर अकरा बिया निघाल्या. सात उगवल्या, चार जगल्या. या चारांना एक तरी धड फळ धरलं नाही, तर आईचं बी संपलं. हे सुमंगलाबाईंनी एकदाच सांगितलं, आणि सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

ऑपरेशनसाठी पुण्याहून त्यांचा मुलगा केयूर आला होता. तो आईवडिलांवर फार माया करतो, आणि त्याची माया नेहमी खोक्यातून येते. एका खोक्यातून पाण्याचं फिल्टर आलं. ते स्वयंपाकघरात बसलं. दुसऱ्यातून नारळाच्या काथ्याचा भुसा आला, कोकोपीट. “बाबा, गच्चीवर माती चढवून कंबर मोडून घेऊ नका,” म्हणत त्यानं चारही रोपं त्या हलक्याफुलक्या भुश्याच्या पिशव्यांत लावून दिली, शेजारी एकोणीस-एकोणीस खताचा पुडा ठेवला आणि सुट्टी संपली म्हणून निघून गेला.

राहिले मार्तंडराव आणि त्यांचा हुकूम. तोंडचं पाणी म्हणजे काय? आपण पितो ते. आपण कुठलं पितो? फिल्टरचं. झालं! दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, कचेरीच्या घड्याळावर बघून, मार्तंडराव फिल्टरच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन जिना चढू लागले. सतरा पायऱ्या. वर पोचलं की पाच मिनिटं कठड्याला धरून धापा टाकायच्या आणि मग एकेका रोपाला मापानं पाणी घालायचं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. ते ज्या ठिकाणी धापा टाकायला थांबत, तिथंच त्यांच्या कोपराशी नळ होता. बोअरच्या टाकीचा नळ. फिरवला की धो धो पाणी. सुमंगलाबाई इतकी वर्षं त्याच नळाचं पाणी झाडांना घालत आल्या होत्या. पण हुकुमात नळ नव्हता.

सगळं ते एका वहीत टिपून ठेवत. ‘रोप क्र. २ : प्रकृती समाधानकारक.’ खाली येऊन पलंगावरच्या सुमंगलाबाईंना वाचून दाखवत. त्या डोळे मिटून ऐकत. कधी हसत, कधी म्हणत, “दोन नंबरला काठीचा आधार द्या.” खरं सांगायचं तर त्या दोघांचे इतके चांगले दिवस लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आले होते. कचेरीत असताना हे घरी येत ते जेवायला आणि झोपायला.

डिसेंबरात फळं धरली. लिंबाएवढी झाली. आणि एका सकाळी मार्तंडरावांनी एक फळ उलटं करून पाहिलं, तर बूड काळं. चामड्यासारखं, आत खचलेलं. दुसरं पाहिलं, तेही तसंच. खालची जुनी पानं पिवळी, नुसत्या शिरा हिरव्या. शेंड्याची कोवळी पानं वाकडीतिकडी. त्या दिवशी वहीत त्यांनी ‘प्रकृती स्थिर’ लिहिलं. दवाखान्यात प्रकृती स्थिर म्हणतात तेव्हा नातेवाइकांनी घाबरायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. सुमंगलाबाईंनाही ठाऊक होतं.

गल्लीच्या तोंडाला योगिनीचं कृषी सेवा केंद्र. मुलगी कृषीची पदवीधर, बोलायला तिखट. मार्तंडरावांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं काळं फळ काढून काउंटरवर ठेवलं, पुरावा ठेवावा तसं.

“काका, बूड काळं म्हणजे फळाला कॅल्शियम पोचेना झालंय,” योगिनी म्हणाली. “पाणी कुठलं देता?”

“पिण्याचं,” मार्तंडराव ताठ होत म्हणाले. “आम्ही पितो तेच.”

योगिनीच्या घरात तिन्ही पिढ्या बोअरचं पाणी प्यायच्या. तिनं तेच धरलं. “मग कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटलीबिटली काही घेऊ नका. आपल्या पाण्यात चुना अन् मॅग्नेशियम दोन्ही भरपूर. जेवलेल्या माणसाला आग्रह कशाला? तुमचं पाणी मागंपुढं होत असेल. कधी कोरडं, कधी चिखल. तसं झालं तरी बूड काळं पडतं. वेळ धरून पाणी घाला.”

वेळ धरून! सात-दहाचा काटा कधी सात-अकरावर जाऊ न देणाऱ्या माणसाला! मार्तंडराव फळ रुमालात गुंडाळून परत आले. पण कॅल्शियम हा शब्द त्यांच्या कानात अडकला. मुलगी नको म्हणाली खरी, पण लेखी कुठं दिलं होतं?

मग सुरू झाला चुन्याचा शोध. चुना मिळतो कुठं? मुंजाजीच्या पानटपरीवर. ज्या माणसानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, तो टपरीपुढं उभा राहून हळूच म्हणाला, “चुन्याच्या दोन पुड्या दे.” मुंजाजीनं डोळे बारीक करून त्यांच्याकडं पाहिलं. “अन् तंबाखू कोणती, भाऊसाहेब?” “तंबाखू नको.” “नुसता चुना?” मुंजाजीला हे पटलं नाही. नवशिके असेच लाजतात, हा त्याचा वीस वर्षांचा अनुभव होता.

चुन्यानं काही होईना, तेव्हा मोबाइलवर कुणीतरी अंड्याच्या टरफलांची कीर्ती गायली. मार्तंडरावांच्या घरात अंडं शिरलेलं नव्हतं. पण मुंजाजीच्या शेजारीच आम्लेटचा गाडा होता. हे पिशवी घेऊन गेले. “काय देऊ, भाऊसाहेब?” “आतलं काही नको. वरचं दे.” गाडेवाल्यानं हात जोडून टरफलं दिली.

टरफलं कुजायला महिने लागतात, हे नंतर कळलं. तोवर उरलेली दोन फळंही काळी पडली. आता मार्तंडरावांना रात्री घास जाईना. डोळ्यांसमोर ‘सुमीसाठी’ लिहिलेला तो कागद यायचा, रिकामा. अशात एका सकाळी सुमंगलाबाईंच्या उशाशी त्यांना गोळ्यांचं पाकीट दिसलं. हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या. वर ठळक अक्षरांत कॅल्शियम. त्यांनी एक काढली, खलबत्त्यात कुटली आणि वर नेली. दुसऱ्या दिवशी दोन. पुढं पुढं रोपागणिक एक. छत्तीस वर्षं सरकारी टाचणीसुद्धा घरी न आणलेल्या माणसानं घरातच चोरी केली, तीही आजारी बायकोच्या औषधाची. त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं, पण हात थांबेना.

भोगीच्या आदल्या दिवशी सुमंगलाबाई म्हणाल्या, “अहो, एव्हाना दोन-चार पिकली असतील की. उद्या आईच्या टमाट्याचं सार करा.”

मार्तंडराव बाजारात गेले आणि चार टमाटे आणले. ते सदऱ्याखाली दडवून सतरा पायऱ्या चढले, गच्चीवर दोन मिनिटं उभे राहिले आणि टमाटे हातात मिरवत खाली आले. वरून आणले म्हणायचं तर वरून यायला नको का? खोटं असलं म्हणून काय झालं, ते कागदोपत्री तरी खरं पाहिजे. सार झालं. सुमंगलाबाईंनी वाटी तोंडाला लावली, थोडा वेळ तशीच धरली आणि म्हणाल्या, “यंदा आंबटपणा कमी आहे.” वाटी मात्र पूर्ण संपवली.

संक्रांत झाली आणि पेडगावहून बन्सीधर आला. मार्तंडरावांचा शाळेपासूनचा मित्र. बारा एकराचा धनी, बोलणं तोफेसारखं. हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंडी दारात टाकून तो थेट सुमंगलाबाईंच्या पलंगाजवळ जाऊन बसला. मार्तंडराव कॅन भरत होते. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

“वैनी, तुमच्या कानावर घालावं का न्हाई, कळंना झालंय. पर आमी घरचेच. मार्तंड टपरीवर चुना घ्यायलाय.”

“काय म्हणता?”

“मुंजाजीनंच सांगितलं. अन् शेजारच्या गाड्यावरून अंड्याची टरफलं न्यायलाय. आतलं कोण खायलंय, ते मला ठावं न्हाई.”

मार्तंडरावांच्या हातातला कॅन भरून वाहू लागला. मग सुमंगलाबाईंचा आवाज आला, अगदी साधा. “खाऊ द्या हो. एवढे जिने चढायलेत या वयात.”

मार्तंडरावांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी बन्सीधरला खुणेनं बाहेर बोलावलं आणि भरलेला कॅन उचलून त्याला गच्चीवर नेलं. सगळं सांगितलं. चुना, टरफलं, गोळ्या, सार. बन्सीधर आधी हसला तो कठडा धरून हसला.

“अरे, लोकाला चुना न लावता रिटायर झालेला एकच कारकून मला ठावा होता. अन् तो आता झाडाला लावायलाय!”

हसून हसून त्याचा घसा कोरडा पडला. त्यानं कॅन उचलून तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं.

“हे कसलं पाणी रे? ह्याच्यात कायच न्हाई की.”

“फिल्टरचं आहे. शुद्ध.”

“शुद्ध म्हंजी? काय काढलं ह्यातलं?”

“क्षार. सगळे...”

एवढं बोलून मार्तंडराव थांबले. बन्सीधरनं पिशवीत हात घालून मूठभर भुसा कुस्करला. “अन् ह्याच्यात मातीच न्हाई. काळ्या मातीत असती तर झाडानं कुठून तरी ओढून घेतलं असतं. हितं बिचारं काय खाईल?” मग त्याची नजर नळावर गेली. नळाच्या तोटीला पांढऱ्या खपल्या धरल्या होत्या, बोटभर जाड. त्यानं नखानं एक उडवली. “मार्तंडा, हे काय हाय?”

“चुना,” मार्तंडराव म्हणाले.

“चुना नळाला लोंबायलाय, अन् तू टपरीवर हुडकायलास! लय शिकलेला माणूस तू.”

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, हे मार्तंडरावांना त्या क्षणी नीट कळलं. त्यांनी वही काढली. सगळं तिथंच होतं, त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात. खाली अंगणातली तुळस, बोअरच्या पाण्यावरची, हिरवीगार. वरचा मोगरा, मातीच्या कुंडीतला, जरासा फिका. भुश्यातली चारी रोपं मरायला टेकलेली. अडीच महिने त्यांनी सगळं बघितलं होतं. नुसतंच बघितलं होतं.

योगिनीनं या वेळी कपाळावर हात मारला. “काका, पिण्याचं म्हणजे फिल्टरचं हे मला काय माहीत? आता बाटली घ्या. फिल्टरचं पाणी, नुसता भुसा अन् वर तुमचं एकोणीस-एकोणीस, ह्या तिन्हींत कॅल्शियम नाही अन् मॅग्नेशियमही नाही. अशा वेळीच ही बाटली लागते. लिटरला दोन मिली, त्याच्यावर थेंब नाही. खताच्या दिवशी हे नाही, दोन्ही एकत्र केलं तर तळाशी पांढरा गाळ बसून जातो. पंधरा दिवस द्या, अन् उद्यापासून पाणी बोअरचं. मग बाटली बंद. काळं झालेलं फळ काही लाल व्हायचं नाही, ते तोडून टाका. नवं येईल त्याच्याकडं बघा.”

“बघा का करा?” मार्तंडरावांनी विचारलं. “लिहून द्या.”

तिनं बिलाच्या मागं लिहून दिलं. बन्सीधरनं दुसऱ्याच दिवशी पेडगावची दोन घमेली काळी माती आणून पिशव्यांत वरून मिसळली. कॅन खालीच राहिले, आणि मार्तंडराव पहिल्यांदा रिकाम्या हातांनी जिना चढले. सतरा पायऱ्या इतक्या सोप्या असतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

तीन रोपं वाचली नाहीत, फारच उशीर झाला होता. चौथ्यानं, दोन नंबरनं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला शेंड्याला हिरवं पान फोडलं. मग फुलं. फुलं गळून तीन फळं धरली. मार्तंडराव रोज सकाळी गुडघ्यावर बसून त्यांची बुडं तपासत. दोन फळं पोपटानं नेली. एक राहिलं. त्याला त्यांनी बायकोच्या जुन्या साडीची पिशवी शिवून घातली, आपल्या हातानं, वेडेवाकडे टाके घालून.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते सकाळी वर असताना जिन्यावर काठीचा आवाज आला. ठक, थांबणं, ठक. मार्तंडराव धावले. सुमंगलाबाई पंधराव्या पायरीवर होत्या, घामानं डबडबलेल्या.

“हात नका देऊ,” त्या म्हणाल्या. “दोनच राहिल्यात.”

त्या वर आल्या. त्यांनी तीन रिकाम्या पिशव्या पाहिल्या, चौथं रोप पाहिलं, आपली साडी ओळखली. मार्तंडरावांनी गाठ सोडली. आत एकच फळ होतं. बसकट, रेघारेघांचं, लालबुंद, आणि बूड धड. मग त्यांनी एका दमात सगळं कबूल केलं, अगदी भोगीच्या सारापर्यंत.

“ते मला पहिल्या घोटातच कळलं,” सुमंगलाबाई म्हणाल्या. “आईचा टमाटा मला कळणार नाही? मी म्हटलं, झाडं गेली. मग हा माणूस रोज वर जातो तरी कशाला?”

“आणि काही बोलली नाहीस?”

“काय बोलू? गोळ्या कमी व्हायला लागल्या, तेव्हा वाटलं तुमचे गुडघे गेले अन् तुम्ही लपवायलात. तुम्हाला पुराव्यात म्हणून मी माझी एक दिवसाआड घ्यायला लागले.”

मार्तंडरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. “सुमंगला, गुडघे माझे ठणठणीत आहेत. तुझ्या वाटणीच्या गोळ्या टमाट्यानं खाल्ल्या गं.”

सुमंगलाबाईंनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग टमाट्याकडं, आणि त्या इतक्या हसल्या की काठी हातातून पडली. खाली मुंजाजीच्या टपरीवरच्या लोकांनी माना वर केल्या.

फळ त्यांनी तिथंच चिरलं. बिया राखेत घोळून कागदावर पसरल्या. त्रेपन्न भरल्या. वीस बन्सीधरच्या पेडगावच्या मातीसाठी वेगळ्या काढल्या. एकाच घरात बी ठेवायचा धडा दोघांनाही मिळाला होता. बाकीच्या वाळल्यावर आईच्याच जुन्या कागदात परत गेल्या. सुमंगलाबाईंनी कागद आणि पेन मार्तंडरावांपुढं सरकवलं. “काय लक्षात ठेवायचं ते लिहून ठेवा. आपल्यामागं कुणीतरी वाचेल, अन् तेही तुमच्याचसारखं निघालं तर?”

मार्तंडरावांनी पेन झटकलं. ‘सुमीसाठी’ या वाकड्या अक्षरांखाली थोडी जागा सोडली आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : ‘माती काळी. पाणी बोअरचे. तोंडचे नव्हे.’